एका डोळ्याने वाचायचा कागद

डोळ्यांच्या विभागात सगळे तिला मोती सिस्टर म्हणत. एक तर तिचं काम मोतीबिंदूच्या पेशंटांचं, आणि दुसरं म्हणजे तिचं अक्षर मोत्यासारखं. घरी हे नाव कळल्यावर नवरा आठवडाभर हसत होता, कारण शेजाऱ्यांच्या कुत्र्याचं नावही मोतीच होतं.

अक्षर चांगलं असण्याचा तोटा असा, की लिहिण्याचं प्रत्येक काम गळ्यात पडतं. ड्युटीचा तक्ता, ऑपरेशनच्या यादीचा फळा, दारावरचं ‘चपला बाहेर काढा’, बदली झालेल्या डॉक्टरांना द्यायचं निरोपाचं कार्ड, सगळं तिच्याकडे. त्यामुळे विभागप्रमुखांनी, ज्यांना सगळे मोठे सर म्हणत, जेव्हा ठरवलं की ऑपरेशन झालेल्या प्रत्येक पेशंटला घरी जाताना एक छापील सूचनापत्रक द्यायचं, तेव्हा ते कोण लिहिणार हा प्रश्नच निघाला नाही.

तिनं ते मन लावून लिहिलं. अठरा वर्षं ती याच विभागात होती. फोनवर रोज तेच ते प्रश्न येत, आणि तिलाही तीच ती उत्तरं देऊन कंटाळा आला होता. डोक्यावरून आंघोळ कधी करायची, कुशीवर झोपायचं का, शिंक आली तर काय, टीव्ही बघायचा का. दीड पानात तिनं सगळं बसवलं.

मग ते दीड पान वर गेलं. धाकट्या डॉक्टरांनी ‘डोळ्यातला दाब’ खोडून ‘अंतर्नेत्रीय दाब’ केलं आणि औषधांवर एक परिच्छेद वाढवला. मोठ्या सरांनी सुरुवातीला मोतीबिंदू म्हणजे काय, भिंग कसं बसवतात, हे घातलं. कार्यालयातल्या साहेबांनी शेवटी ‘सूचनांचे पालन न केल्यास उद्भवणाऱ्या परिणामांस रुग्णालय जबाबदार राहणार नाही’ असं जोडलं, आणि ते एकदा पुरणार नाही असं वाटून मधेही एकदा टाकलं. पाच पानं झाली. दोन कागदांवर पाठपोट बसायला हवीत म्हणून अक्षर बारीक केलं, तेव्हा कुठे चारांत मावली. खाली ‘संकलन’ म्हणून तिचं पद छापलं होतं. खरं सांगायचं तर तिला बरं वाटलं होतं. एक प्रत तिनं घरीही नेली.

वर्षभर तो कागद ती वाटत होती. डिस्चार्जच्या वेळी पेशंटच्या हातात द्यायची, “यात सगळं लिहिलंय, नीट वाचा” म्हणायची आणि पुढच्या पेशंटकडे वळायची. त्यातल्या प्रत्येकाच्या एका डोळ्यावर पट्टी आणि दुसऱ्यात बहुतेक पिकत आलेला मोतीबिंदू असायचा. हे तिला दिसत नव्हतं असं नाही. पण रोज दिसणाऱ्या गोष्टीकडे माणसाचा कानाडोळा होतो, तसा तिचाही झाला होता.

शिंपीकाका आले ते ऑपरेशननंतर सातव्या दिवशी, सकाळी. दवाखान्याचे युनिफॉर्म पूर्वी तेच शिवायचे, म्हणून सगळ्यांच्या ओळखीचे. तिच्या अंगावरचा एप्रनही त्यांच्याच हातचा. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तेव्हा त्यांनी तिच्या खिशाकडे बघून म्हटलं होतं, “टाका वाकडा गेलाय सिस्टर, आज पहिल्यांदा दिसला.” तो डोळा आता लालभडक झाला होता आणि पापणी सुजून मिटली होती. काकू त्यांचा हात धरून उभ्या होत्या.

“कधीपासून दुखतंय?” तिनं विचारलं.

“परवापासून.”

“परवापासून? मग परवा का नाही आलात?”

“थोडं टोचणार म्हणून लिहिलं होतं ना.”

धाकट्या डॉक्टरांनी दिव्याखाली डोळा बघितला आणि लगेच मोठ्या सरांना बोलावणं पाठवलं. आत पू धरला होता. तासाभरात डोळ्यात इंजेक्शन दिलं, भरती केलं. सर हात धूत असताना म्हणाले, “परवा आले असते तर गोष्ट वेगळी होती. दोन दिवस म्हणजे फार झाले.”

सिस्टरच्या डोक्यात तिडीक गेली. आधी ती काकांवरच चिडली, मग काकूंवर. “काकू, तुम्हाला कागद दिला होता की नाही? त्यात स्पष्ट लिहिलंय, दुखलं तर ताबडतोब या म्हणून. एवढं लिहून देतो आम्ही, आणि कोणी वाचायचंच नाही म्हटल्यावर काय करायचं?”

काकू घाबरून म्हणाल्या, “वाचला की. सूनबाईनं वाचला.”

सूनबाई दुपारी आली. ती बसवर कंडक्टर होती, खाकी कपड्यांतच आली, खांद्याला तिकिटांचं मशीन. तिनं पिशवीतून कागद काढला आणि सिस्टरपुढे धरला. पहिलं पान हाताळलेलं दिसत होतं, कडेला चहाचा डाग होता. बाकीची तीन कोरी करकरीत.

“हे बघा,” तिनं पहिल्या पानावर बोट ठेवलं. “‘शस्त्रक्रियेनंतर किंचित टोचणे, पाणी येणे, अस्वस्थ वाटणे हे स्वाभाविक असून रुग्णाने घाबरून जाऊ नये.’ मामंजी म्हणाले टोचतंय, मी म्हटलं घाबरू नका, लिहिलंय तसं.”

“पण चौथ्या पानावर बघा ना, तीव्र वेदना, लाली, दृष्टी अंधुक झाल्यास त्वरित संपर्क साधावा.”

“सिस्टर, माझी पहिली गाडी साडेपाचला सुटते. पाच वाजता उभ्या उभ्या वाचलाय मी हा कागद. पहिल्या पानावर भिंग कसं बसवतात ते होतं, मला वाटलं पुढेही तेच असणार.” तिचा आवाज चढला नव्हता. “आमच्या तिकिटाच्या मागेही नियम छापलेत. इतक्या वर्षांत एकही माणूस वाचताना पाहिला नाही मी. थांबा आला की मी ओरडून सांगते, तेवढं त्यांना कळतं.”

सिस्टर काहीतरी उलट बोलणार होती. एवढं महत्त्वाचं होतं तर बसून वाचायला काय झालं होतं, हे तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तो चौथ्या पानावरचा मजकूर शोधायला तिला स्वतःलाच दोनदा पान उलटावं लागलं होतं, आणि ते सूनबाईनं पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिची सुट्टी होती. घरची कामं आटोपून ती दुपारी शिंपीकाकांच्या घरी गेली. का गेली, हे तिला नीट सांगता आलं नसतं. अपराधी वाटत होतं म्हणा, किंवा आपली चूक नाही हे कुठेतरी सापडेल अशी आशा होती म्हणा.

दोन खोल्यांचं घर. पुढच्या खोलीत शिलाईचं मशीन, त्यावर चादर टाकलेली. काकू दवाखान्यातून नुकत्याच आल्या होत्या. त्यांनी पाणी दिलं. औषधं कुठे ठेवता, असं सिस्टरनं विचारलं, तर त्यांनी मशीनचाच खण उघडला. रिळांच्या मधे थेंबांच्या दोन बाटल्या उभ्या होत्या. एकीच्या गळ्याला लाल दोरा बांधलेला, दुसरीला पांढरा.

“हे काय?”

“मला वाचता येत नाही ना,” काकू म्हणाल्या. “दोन्ही बाटल्या सारख्याच दिसतात. मग सूनबाईला विचारून दोरे बांधले. लाल चार वेळा, पांढरा सहा वेळा. एकदाही चुकले नाही हो मी. त्या खिडकीवर खडूनं रेघा मारत होते.”

खिडकीच्या चौकटीवर खरंच रेघा होत्या. सहा दिवसांच्या, ओळीनं, एकही कमी नाही.

“आणि कागद कुठे ठेवला होता?”

“वरती, फळीवर. महत्त्वाचा म्हणून जपून ठेवला.”

सिस्टरला हसावं की रडावं ते कळेना. ज्यांच्यासाठी कागद होता, त्यांना दिसत नव्हतं. ज्या थेंब घालत होत्या, त्यांना वाचता येत नव्हतं. जिला वाचता येत होतं, ती पहाटे पाचला घाईत होती आणि तिच्यासमोर आधी भिंगाचं वर्णन आलं. या तिघांपैकी एकाशीही तो कागद बोलत नव्हता. मग बोलत होता तरी कोणाशी? बसथांब्यापर्यंत चालताना तिनं मनातल्या मनात एकेक ओळ आठवून पाहिली. ‘अंतर्नेत्रीय’ ही धाकट्या डॉक्टरांनी मोठ्या सरांना ऐकवलेली ओळ होती. भिंगाचा परिच्छेद सरांनी बाहेरून येणाऱ्या पाहुण्यांसाठी लिहिला होता. जबाबदारीचं वाक्य एखाद्या वकिलाकडे बघून लिहिलेलं. आणि तिचं स्वतःचं दीड पान? तेही फोनला कंटाळलेल्या एका सिस्टरनं, फोन येऊ नयेत म्हणून लिहिलं होतं. घाबरू नये, घाबरू नये, असं तिनंच दोन ठिकाणी घातलं होतं. वरच्यांनी बाकी सगळं बदललं, पण ते तसंच ठेवलं.

घरी येऊन तिनं तडक मोठ्या सरांना अर्ज लिहायला घेतला. तीन पानं लिहिली. सगळा राग ओतला. ‘अक्षम्य’ हा शब्द तीनदा आला. पेशंटांची फसवणूक, आपली असंवेदनशीलता, सामूहिक अपयश, काही म्हणता काही बाकी ठेवलं नाही. सकाळी तो सरांच्या टेबलावर ठेवला. संध्याकाळी परत आला. कोपऱ्यात हिरव्या शाईत लिहिलं होतं, ‘पाहिले. योग्य ती कार्यवाही व्हावी.’

कोणी करायची कार्यवाही? ती धाकट्या डॉक्टरांकडे गेली, ते म्हणाले कार्यालयात विचारा. कार्यालयातले साहेब म्हणाले, “तुमच्या विभागाचं पत्रक आहे, विभागानंच ठरवायचं. आणि सिस्टर, जरा जपून. असं लेखी ‘अपयश’ वगैरे लिहू नका. उद्या कोणी कोर्टात गेलं तर हाच कागद पुढे येईल.”

ती सरळ सरांच्या खोलीत गेली. सोबत नवा मजकूर नेला होता, सहा ओळींचा. सरांनी चष्मा सरकवून वाचला.

“हे फार बाळबोध झालंय.”

“सर, पेशंटला कळायला हवं.”

“कळेल की. पण पुढच्या महिन्यात पाहणी समिती येतेय. त्यांच्या यादीत सविस्तर माहितीपत्रक हा मुद्दा आहे. सहा ओळी दाखवू त्यांना?”

“सर, काकांचा डोळा...”

“त्याचं मलाही वाईट वाटतं. हजारात एखाद्याला होतं ते, कागदामुळे नाही होत.” मग जरा नरम होऊन, “तुम्ही मनाला फार लावून घेताय. जा, राउंडची वेळ झाली.”

त्या दिवशी घरी तिनं भांडी इतकी आपटली की नवरा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. तो वीजमंडळात तारा दुरुस्त करायचा, कमी बोलणारा माणूस. टेबलावरचा अर्ज उचलून त्यानं उभ्यानंच वाचला.

“छान लिहिलंयस. पण हे वाचून सरांनी काय करायचंय?”

“त्यांना कळायला हवं काय झालंय ते.”

“कळलं. मग पुढे?”

“पुढे काय म्हणजे?”

“म्हणजे यात कुठे सही करायची, काय मंजूर करायचं, ते नाहीये. आमच्याकडे असा अर्ज आला तर साहेब ‘पाहिले’ म्हणून सोडून देतात. शिव्या दिल्यात, मागितलं काहीच नाहीस.”

“तू गप्प बस,” ती म्हणाली. तो बसला गप्प. त्यानं आणखी काही म्हटलं असतं तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. पण तो रेडिओ लावून बसला, आणि ती ओल्या हातांनी तिथेच उभी राहिली. दुसऱ्याला काय कळत नाही याचा पाढा वाचत ती दोन दिवस फिरत होती, आणि स्वतः सरांना नेमकं तेच दिलं होतं, जे त्यांनी सगळ्यांनी मिळून काकांना दिलं होतं. लांबलचक, बरोबर, आणि ज्याला वाचायचं त्याच्या काही उपयोगाचं नाही असं.

दुसरा अर्ज तिनं चार ओळींत लिहिला. सध्याचे चार पानी पत्रक आहे तसेच राहील. त्याच्या वर मोठ्या अक्षरांतील एक पान जोडण्यास परवानगी असावी. समितीस दोन्ही दाखवता येतील. नमुना सोबत जोडला आहे.

सरांनी उभ्या उभ्या सही केली. “हे कसं, मुद्द्याचं आहे,” म्हणाले. “समितीला आवडेल.”

काम झालं होतं, तरी तिला आनंद होईना. काकांच्या डोळ्याबद्दल त्या अर्जात एक अक्षरही नव्हतं, आणि म्हणूनच तो मंजूर झाला होता. जिना उतरताना तिला वाटलं, परत वर जावं आणि तो कागद सरांच्या हातातून ओढून घ्यावा. पण ती खाली छपाईच्या खोलीत गेली आणि नमुना देऊन आली.

चार दिवसांनी गठ्ठा आला. तिनं दोरी सोडली आणि कपाळाला हात लावला. कागद वाचवायचा म्हणून छपाईवाल्यांनी एका पानावर चार-चार प्रती छापून कापल्या होत्या. तिची मोठाली अक्षरं मुंग्यांएवढी झाली होती.

“सिस्टर, मजकूर तोच आहे की,” छपाईवाला म्हणाला. “एक अक्षर बदललं नाही.”

“दादा, हा कागद वाचणाऱ्याचा एक डोळा बांधलेला असतो.”

“मग दुसऱ्यानं वाचेल.”

तिनं स्वतःच्या एका डोळ्यावर तळहात ठेवला, चष्मा काढला आणि तो तुकडा त्याच्या हातात देऊन म्हणाली, “आता तुम्ही करा असंच आणि वाचून दाखवा.” त्यानं चष्मा काढला, डोळा झाकला, कागद जवळ नेला, लांब नेला. मग गठ्ठा परत घेतला. नवे कागद यायला आणखी आठवडा गेला. त्या आठवड्यात तेवीस पेशंट जुनाच कागद घेऊन घरी गेले. ती प्रत्येकाच्या सोबतच्या माणसाला धरून तोंडी सांगत होती, घसा बसला तिचा.

काकांना बारा दिवसांनी घरी सोडलं. डोळा वाचला, नजर अर्धीच आली. माणूस ओळखता यायचा, बोटं मोजता यायची, पण सुईचं नेढं दिसायचं नाही. पुढच्या तपासणीला आले तेव्हा सिस्टरनं नवं पान त्यांच्यापुढे धरलं. कसं झालंय ते त्यांनाच विचारायचं, असं तिनं मनाशी ठरवलं होतं.

काकांनी दुसऱ्या डोळ्यानं अडखळत वाचलं. “‘डोळा दुखला, लाल झाला किंवा कमी दिसू लागलं तर त्याच दिवशी या. वाट बघू नका.’” मग मान वर करून म्हणाले, “कुठे यायचं? आणि रविवारी दुखलं तर? रविवारी तुमचं दार बंद असतं.”

तिला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. काकांचा राग नव्हता. एवढं करून, एवढ्यांशी डोकेफोड करून, छापून आलेल्या पानातही भोक निघालं होतं, आणि ते बरोबर होतं. रविवारी मागच्या दारानं अपघात विभागातून यावं लागतं, हे दवाखान्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, म्हणूनच ते कोणाला लिहावंसं वाटलं नव्हतं.

“मागच्या दारानं यायचं,” ती म्हणाली. “अपघात विभागात. मी लिहिते.”

“लिहा,” काका म्हणाले. त्यांच्या आवाजात कडवटपणा होता, आणि तो लपवायची त्यांना गरज वाटली नाही. “माझ्या वेळी लिहिलं असतंत तर बरं झालं असतं.”

“हो काका,” एवढंच ती म्हणाली.

काकूंनी मधेच विचारलं, “दुसऱ्या डोळ्याचं कधी करायचं?”

“नाही करायचं,” काका म्हणाले.

“नाही कसं? तोही पिकलाय. मग हिंडणार कसे तुम्ही?”

“नाही म्हटलं ना.”

दोघांची तिथेच, तपासणीच्या स्टुलाशी, हळू आवाजात जुंपली. सिस्टर मधे पडली नाही. पूर्वी पडली असती, समजावलं असतं, वाक्यं तयार होती तिच्याजवळ. बाहेर बाकावर सात जण बसले होते आणि पुढच्या पेशंटचं नाव पुकारून झालं होतं. तिनं पेन काढलं आणि नव्या पानांचा गठ्ठा पुढे ओढला. दोनशे कागद होते. पहिल्या पानाखाली तिनं हातानं लिहिलं, ‘रविवारी मागच्या दारानं, अपघात विभागात’. मग दुसरं पान घेतलं, तिसरं घेतलं. काकू अजून बोलत होत्या, काका खिडकीकडे तोंड करून बसले होते.